दूरची युद्धे, जवळची माणसे

दिवाळीच्या फराळाची ताटे पुढे आली की आपल्या मराठी मध्यमवर्गीय घरांत दोन वाद हमखास होतात. चिवड्यात खोबरे जास्त पडले की कमी, हा पहिला; आणि जगाचे राजकारण कसे चालवावे, हा दुसरा. पहिल्या वादातून निदान पुढच्या वर्षीच्या चिवड्यात सुधारणा होण्याची आशा असते. दुसऱ्यात तीही नसते. युक्रेनमध्ये रशियाने कुठे थांबायला हवे होते, गाझात इस्रायलचे काय चुकले, चीनला कसे खडसवावे, पाकिस्तानशी बोलावे की बोलूच नये, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे आपल्या घरी तयार असतात. माझे एक साडू तर करंजी हातात घेऊन सुरक्षा परिषदेची पुनर्रचना सुरू करतात आणि करंजी संपायच्या आत ती पुरीही होते.

यात टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. मीही त्याच पंक्तीला बसणारा माणूस आहे. गेली अनेक वर्षे मी या पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि त्यासाठी डहाणू लोकलने ये-जा करतो. २०१३ साली उपनगरी गाडी डहाणूरोडपर्यंत येऊ लागली. तेव्हापासून जगात झालेल्या प्रत्येक युद्धाचा निकाल आमच्या डब्यात लागलेला मी ऐकला आहे. विरार ते डहाणू हे अंतर एका मध्यम आकाराच्या युद्धाला बरोबर पुरते. पालघर आले की तह, बोईसर आले की तहभंग, आणि डहाणूला उतरताना सर्वपक्षीय असंतोष, असा आमचा क्रम ठरलेला आहे.

लोकशाहीत माणसाला मत असावे, ते परराष्ट्र धोरणावरही असावे, हे मला मनापासून मान्य आहे. ज्या देशात युद्धासारखा प्रश्न फक्त मंत्र्यांनी आणि सेनापतींनी बोलायचा असतो, त्या देशात राहायची माझी इच्छा नाही. पण एक गोष्ट मात्र डहाणू-तलासरीच्या या मुलखाने मला विचार करायला लावली. ती अशी की, आपण मत देतो, पण त्याचे मोल कोण देतो? मुंबई-पुण्यातल्या दिवाणखान्यात युद्धाबद्दलच्या मताला काही खर्च येत नाही. या दोन तालुक्यांत मात्र दूरच्या युद्धांची किंमत माणसांनी रोख मोजलेली आहे, आणि अजूनही मोजत आहेत.

डहाणू म्हटले की आपल्या वाचकांना काय आठवते? घोलवडचे चिकू, बोर्डीचा किनारा, महालक्ष्मीची यात्रा आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेले वारली चित्र. तलासरी तर पुष्कळांना अहमदाबादला जाताना गुजरातची हद्द लागण्यापूर्वीचे एक गाव म्हणूनच ठाऊक असते. पूर्वी तलासरीचा हा भाग उंबरगाव तालुक्यात मोडत असे. १९६० साली दोन राज्ये झाली तेव्हा उंबरगाव गुजरातकडे गेले आणि तलासरी आपल्याकडे राहिली. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा निराळा झाला, तेव्हा हे दोन्ही तालुके त्यात आले. तलासरीत शंभरातले नव्वद लोक आदिवासी आहेत. अशा या कोपऱ्याचा मॉस्कोशी, पेकिंगशी किंवा कराचीशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण संबंध आहे, आणि तो आजचाही नाही.

दुसरे महायुद्ध सुरू झाले ते १९३९ च्या सप्टेंबरात. त्या वेळी गोदावरी आणि शामराव परुळेकर हे नवविवाहित दांपत्य मुंबई इलाख्यात कामगारांत आणि शेतकऱ्यांत काम करीत होते. गोदावरीबाई पूर्वाश्रमीच्या गोखले. कायद्याची पदवी घेतलेल्या महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. भारत सेवक समाजाने आजीव सभासद म्हणून घेतलेल्या त्या पहिल्या स्त्री. शामराव १९३७ च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात निवडून गेलेले. दोघेही सुखवस्तू, सुशिक्षित, तुमच्या-माझ्यासारख्या घरांतले. पुढे दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले, आणि इथूनच त्यांच्या आयुष्यात परराष्ट्र धोरण शिरले.

कारण त्या पक्षाचे म्हणणे तेव्हा असे होते की, हे युद्ध साम्राज्यवाद्यांचे आपसातले भांडण आहे. हिंदुस्थानने त्यात एक माणूस आणि एक पै देऊ नये. या प्रचारासाठी १९४० साली परुळेकर पतिपत्नी तुरुंगात गेली. ती आत असतानाच २२ जून १९४१ रोजी हिटलरने रशियावर हल्ला केला आणि पक्षाचे मत फिरले. काल जे साम्राज्यवाद्यांचे युद्ध होते, ते आता लोकयुद्ध झाले. १९४२ च्या जुलैत सरकारने पक्षावरील बंदी उठवली, आणि ऑगस्टात सारा देश ‘चले जाव’ म्हणत तुरुंगात जात असताना हा पक्ष त्या लढ्यापासून बाजूला उभा राहिला.

माझे मत स्पष्टच सांगतो. ती भूमिका मला चुकीची वाटते. फॅसिझमचा पराभव व्हायला हवा होता यात शंका नाही. पण आपल्या देशाने काय करावे हे ठरवताना दुसऱ्या देशाच्या राजधानीकडे बघत बसणे, हे कोणत्याही पक्षाला शोभणारे नाही. मराठी मध्यमवर्गाने ही गोष्ट मनात ठेवली. चाळीसेक वर्षांनंतरसुद्धा माझ्या लहानपणी घरी कम्युनिस्टांचे नाव निघाले की आजोबा एकच शब्द उच्चारत, “बेचाळीस!” त्या एका शब्दात त्यांचा खटला, साक्षी-पुरावे आणि शिक्षा सगळे येत असे.

पण वाचकहो, हिशेबाची एक दुसरी वही आहे, आणि ती डहाणू-उंबरगावच्या जंगलात आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. त्याला उंबरगावकडचे मूठभर वारली आले होते. त्यांच्याकडून परुळेकरांना वेठीची हकीकत कळली. जमीनदाराने बोलावले की आपले शेत टाकून त्याच्या शेतावर फुकट राबायचे, ती वेठ. लग्नासाठी पाच-पन्नास रुपये कर्ज काढले की नवरा-बायको दोघांनी ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, सावकाराच्या घरी गडी होऊन राहायचे, ते लग्नगडी. मुंबईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, आगगाडीच्या रुळांलगत हे चालू होते, आणि त्याच आगगाडीने आपले आजे-पणजे हवापालटाला बोर्डीला जात होते.

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची परिषद भरली. सुमारे पाच हजार माणसे आली. वेठ करायची नाही, फुकट राबायचे नाही, लग्नगडी म्हणून राहायचे नाही, असे तिथे ठरले, आणि पुढच्या काही महिन्यांत ते खरोखर अमलात आले. लग्नगडी आपापल्या घरी परत गेले. पावसाळा संपल्यावर गवतकापणी आली. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत, अशी मागणी झाली आणि संप सुरू झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडे येथे गोदूताईंची सभा आहे अशी बातमी पसरल्यावरून हजारो वारली जमले होते. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण ठार झाले. जेठ्या गांगड हे त्यांतले एक नाव. हिरोशिमावर बॉम्ब पडून दोन महिने झाले होते, जगात शांतता झाली होती, आणि इकडे तलवाड्याच्या माळावर अडीच रुपयांसाठी माणसे मेली होती.

झरीला जमलेल्या वारल्याला स्टालिनग्राड कुठे आहे ते ठाऊक नव्हते, आणि ‘लोकयुद्धा’चा सिद्धान्तही ठाऊक नव्हता. त्याने माणसे पाहिली. कोण आपल्या झोपडीत येऊन आपली आंबील पितो आणि कोण आपल्याला झाडाला बांधून मारतो, एवढा फरक त्याला कळत होता. आपण शहरातले लोक त्याच माणसांचे मोजमाप बेचाळीसच्या पट्टीने करीत होतो. दोन्ही मोजमापे खरी होती. चूक कुठे होते, तर एका वहीतली बाकी दुसऱ्या वहीत ओढण्यात. गोदूताईंनी वेठ मोडली म्हणून मॉस्कोचे सारे बरोबर ठरत नाही; आणि पक्ष बेचाळीसला चुकला म्हणून वेठीला माफी मिळत नाही.

गंमत अशी की, पुढे आपण मध्यमवर्गीयांनीच हा हिशेब काही काळ बाजूला ठेवला. संयुक्त महाराष्ट्राचा लढा आला, समितीत समाजवादी आले, शेकाप आला, कम्युनिस्टही आले. १९५७ च्या निवडणुकीत ठाण्याहून शामराव परुळेकर लोकसभेवर गेले. मुंबई महाराष्ट्राला हवी होती. तेव्हा आपल्याला त्यांचे परराष्ट्र धोरण फारसे खुपले नाही. हे मी दोष म्हणून सांगत नाही. मतदार आपल्या जवळच्या प्रश्नावर मत देतो, हा शहाणपणाच आहे. फक्त, तलासरीचा आदिवासी तेच करतो तेव्हा त्याला आपण अडाणी म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे.

मग २० ऑक्टोबर १९६२ उजाडला. चिनी फौजा हिमालय उतरून आल्या. त्या महिन्याभरात या देशाने काय भोगले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. आणि कम्युनिस्ट पक्षात उभी फूट दिसू लागली. एका गटाने आक्रमणाला आक्रमण म्हटले. नोव्हेंबरच्या आरंभी पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने तसा ठरावही केला. दुसऱ्या गटाला तो शब्द जड गेला. सीमेचा प्रश्न आहे, वाटाघाटींनी सुटेल, असे त्याचे म्हणणे. नोव्हेंबर संपण्यापूर्वी भारत संरक्षण नियमांखाली देशभर धरपकड झाली, आणि परुळेकर पतिपत्नी पुन्हा तुरुंगात गेली. १९६४ साली पक्ष रीतसर फुटला. स्थानबद्धतेचे सत्र पुन्हा सुरू झाले. ३ ऑगस्ट १९६५ रोजी शामराव परुळेकर तुरुंगातच वारले. त्यांच्यावर ना खटला चालला होता, ना कोणता आरोप शाबीत झाला होता.

१९७० साली गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आले, आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वारल्यांच्या लढ्याची ही कहाणी मी वर्गात सांगतो तेव्हा दरवर्षी कोणी तरी एक विद्यार्थी तोच प्रश्न विचारतो. गेल्या वर्षी विचारणारा मुलगा सरळ उभा राहून म्हणाला, “सर, चीनच्या वेळी सरकारने त्यांना आत टाकले होते ना? मग त्या देशद्रोही होत्या का?”

वर्ग शांत झाला. त्या वर्गात तलासरीकडची मुले होती; त्यांच्या घरांत गोदूताई हे नाव अजून आजीच्या नावासारखे घेतले जाते. बोईसरच्या वसाहतींतली मुले होती. त्यांच्या फोनवर सकाळ-संध्याकाळ देशप्रेमाचे संदेश येतात. मी म्हणालो, “आपण मराठीच्या तासाला बसलो आहोत, तेव्हा आधी शब्द नीट लावू या. चुकीचे मत हा एक शब्द आहे. देशद्रोह हा दुसरा शब्द आहे. पहिल्याला उत्तर मताने द्यायचे असते. दुसऱ्याला पुराव्याने, न्यायालयात. आक्रमणाला आक्रमण न म्हणणे मला चूक वाटते, पण चूक बोलण्याबद्दल खटल्याविना तुरुंग, हे उत्तर नव्हे. तसे असते तर आपल्या लोकलचा आख्खा डबा आत गेला असता.”

मुले हसली, तो मुलगा मात्र हसला नाही. “म्हणजे सर, तुम्ही दोघांनाही चूक म्हणता,” तो म्हणाला. होय, म्हणतो. पक्षबाजीचा सगळ्यात मोठा तोटा हाच की, एका बाजूला चूक म्हटले की दुसरी बाजू आपोआप बरोबर ठरते, असे आपल्याला वाटू लागते. परराष्ट्र धोरणात तर हे फार दिसते. आपल्या पक्षाचे सरकार असले की तह म्हणजे मुत्सद्देगिरी, दुसऱ्याचे असले की शरणागती. आपला पंतप्रधान परदेशी पाहुण्याला भेटला की तो सन्मान, त्यांचा भेटला की लांगूलचालन. देश तोच, शेजारी तोच, फक्त खुर्चीवरचा माणूस बदलला की आपली तत्त्वे कूस बदलतात.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून आजची गोष्ट सांगतो. डहाणू-तलासरीची जमीन थोडी आणि पाऊस गेला की काम थोडे. पावसाळी मासेमारीबंदी उठली की इथले आदिवासी तरुण खलाशी म्हणून गुजरातेत ओखा, पोरबंदर, वेरावळ इकडच्या बोटींवर जातात. निघताना मालकाकडून उचल घेतात. ती घरी देऊन मग दर्यावर. यांतल्या कित्येकांनी बोटीवर चढेपर्यंत समुद्र नीट पाहिलेलाही नसतो. बोट मालकाची, दिशा तांडेलाची, मासे नशिबाचे. आणि पाण्यावर सरहद्दीची रेषा कोणी आखून ठेवलेली नाही.

ती खरोखरच ठरलेली नाही. कच्छच्या टोकाला सर क्रीक नावाची ९६ किलोमीटर लांबीची खाडी आहे. हद्द तिच्या मध्यातून जाते की पूर्व काठाने, यावर भारत-पाकिस्तानचा वाद आहे. कच्छच्या रणाचा निवाडा १९६८ साली आंतरराष्ट्रीय लवादाने दिला, पण ही खाडी त्यात आली नाही. खाडीचे मुख ठरत नाही तोवर समुद्रातली हद्द ठरत नाही. आणि हद्द ठरत नाही तोवर दोन्ही देश एकमेकांचे मच्छिमार पकडत राहतात. समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय करार सांगतो की, दोन देशांत तसा वेगळा करार नसेल, तर किनाऱ्यापासून दूरच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडल्याबद्दल कैदेची शिक्षा देता येत नाही. भारताने आणि पाकिस्तानने, दोघांनीही तो मान्य केला आहे. तरी १ जुलै २०२५ रोजी दोन्ही देशांनी याद्यांची देवघेव केली, तेव्हा पाकिस्तानच्या तुरुंगांत १९३ भारतीय मच्छिमार होते आणि आपल्या तुरुंगांत ८१ पाकिस्तानी.

ही याद्यांची देवघेव २००८ च्या करारान्वये दर १ जानेवारीला आणि १ जुलैला होते. त्याच करारात असे आहे की, शिक्षा पुरी झाली आणि राष्ट्रीयत्वाची खात्री पटली की महिन्याभरात कैद्याला सोडावे. कागदावर महिना असतो. प्रत्यक्षात वर्षे जातात. कैद्यांची विचारपूस करायला दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती २००७ च्या सुमारास नेमली गेली होती. तिचा शेवटचा दौरा झाला ऑक्टोबर २०१३ मध्ये. पक्षाच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांसाठी सांगतो की, करार एका आघाडीच्या सरकारने केला, आणि २०१४ पासून पुढच्या सरकारने अडीच हजारांहून अधिक मच्छिमार परत आणले. दोघांनाही त्याचे श्रेय द्यावे. समिती थांबून राहिली, याचा जाबही सगळ्यांनाच विचारावा.

२०२४ च्या मार्चमध्ये डहाणू तालुक्यातला एक आदिवासी खलाशी कराचीच्या तुरुंगात वारला. त्याचा देह घरी पोहोचायला महिन्याहून अधिक काळ लागला. वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या. आमच्या डब्यात त्याची चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामला अतिरेक्यांनी २६ निरपराध माणसे मारली. त्यांत महाराष्ट्रातलीही माणसे होती. मे महिन्यात आपल्या सैन्याने उत्तर दिले. त्या चार दिवसांत देशभर जो संताप होता तो माझ्याही मनात होता, आणि निरपराध्यांना मारणाऱ्यांना शासन व्हावे हे माझे आजही मत आहे. सुट्टीनंतर महाविद्यालय उघडले तेव्हा मी पहिल्या वर्षाच्या वर्गाला ‘युद्ध’ याच विषयावर निबंध लिहायला दिला. साठांतले पन्नास निबंध तोफांनी धडधडत होते. भाषा जोमदार होती, ऱ्हस्व-दीर्घ मात्र सगळीकडे धारातीर्थी पडले होते.

एक निबंध अवघा पाऊण पानाचा होता. लिहिणारी मुलगी तलासरीकडच्या एका पाड्यावरची. वर्गात ती कधी बोलत नसे. तिचे वडील तीन वर्षांपूर्वी बोटीवर गेले आणि बोटीसकट पकडले गेले. सरहद्दीपलीकडच्या तुरुंगातून पाच-सहा महिन्यांनी एखादे पत्र येते, तेही दुसऱ्या कोणी लिहून दिलेले, कारण वडिलांना लिहिता येत नाही. तिने लिहिले होते की, पहलगामच्या बातमीने आई रडली, कारण मेलेल्यांच्या बायका तिने टीव्हीवर पाहिल्या. मग ती दुसऱ्यांदा रडली, कारण आता पत्र येणार नाही. निबंधाचा शेवट असा होता: “मला दोन्ही रडणी खरी वाटतात. पण दुसऱ्या रडण्याबद्दल मी मैत्रिणींना सांगितले नाही. त्यांना वाटले असते, आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत.”

मी पंचवीस वर्षांच्या वाचनात युद्धावर पुष्कळ वाचले. पण आपल्या बापाची वाट बघणाऱ्या मुलीला आपले दुःख लपवावे लागते, इतके आपले बोलणे कर्कश झाले आहे, हे मला त्या पाऊण पानाने सांगितले. तिला गुण किती द्यावेत, हा प्रश्न नव्हता. प्रश्न हा होता की, तिच्या देखत मोठ्याने बोलता येईल असे मत माझ्याकडे आहे का? मी पुष्कळ विचार केला. माझे मत असे आहे: अतिरेक्यांशी कठोर व्हावे, शत्रूशी सावध असावे, पण मच्छिमाराला दोन्ही देशांनी या भांडणाबाहेर ठेवावे. त्याला पकडून कोणत्याही देशाची सुरक्षितता इंचभरही वाढत नाही. हे मत मी लोकलच्या डब्यातही मांडले. एक गृहस्थ म्हणाले, “सर, हे फार मवाळ झाले.” मी म्हणालो, “मवाळ नाही, नेमके आहे. आपला राग जिथे जायला हवा तिथे जावा, वाटेत खलाशी लागला म्हणून त्याच्यावर निघू नये.”

परराष्ट्र धोरण आता तर डहाणूच्या दारातच येऊन उभे राहिले आहे. डहाणू तालुक्यातल्या वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपये खर्चाचे प्रचंड बंदर होत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत, मध्यपूर्व आणि युरोप यांना जोडणाऱ्या व्यापारमार्गाची घोषणा झाली. त्या मार्गालाही हे बंदर उपयोगी पडेल, असे सरकारचे म्हणणे. घोषणेला महिना होतो न होतो तोच इस्रायल-गाझाचे युद्ध पेटले आणि मार्गाचे घोडे अडले. म्हणजे बघा, गाझातल्या तोफेचा आणि वाढवणच्या कोळ्याच्या जाळ्याचा संबंध असा जुळतो.

हे बंदर पहिल्यांदा येत नाही. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याच्या रक्षणासाठी एक प्राधिकरण नेमले गेले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. १९९८ साली या प्राधिकरणाने वाढवणच्या बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली, धर्माधिकारी दिवंगत झाल्यानंतर, परवानगी दिली. देशाला खोल पाण्याची बंदरे हवीत, हे मला पटते. ज्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मासे सुकवले त्या कोळ्याने विरोध करावा, हेही मला पटते. यांतून वाट काढणे हे राज्यकर्त्यांचे काम. पण बंदर हवे म्हणणाऱ्या आपण, त्या बंदराचे मोल आपल्या वतीने दुसरे कोणी देणार आहे, एवढे तरी ओळखायला हवे.

या सगळ्यावरून मी स्वतःपुरते तीन नियम केले आहेत. ते कोणावर लादायचे नाहीत. फराळाबरोबर चाखून बघा. पहिला: युद्धाबद्दल मत देण्यापूर्वी, ते खरे झाले तर त्याची किंमत कोण मोजील त्याचे घर डोळ्यांपुढे आणावे. दुसरा: हेच धोरण विरोधी पक्षाच्या सरकारने आखले असते तर मी हेच म्हटले असते का, असे स्वतःला विचारावे. तिसरा: माणसाचे काम आणि पक्षाचे मत यांच्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात.

हा तिसरा नियम मी पुस्तकातून शिकलो नाही. तलासरीकडच्या एका पाड्यावर नव्वदीच्या घरातले एक वारली आजोबा आहेत. या मतदारसंघाने २०१९ आणि २०२४ या दोन्ही वेळा विधानसभेवर लाल बावट्याचाच माणूस पाठवला. अख्ख्या महाराष्ट्रात त्या पक्षाचा तेवढाच एक आमदार. मी आजोबांना विचारले की, तुमच्या पुढाऱ्यांना चीनच्या लढाईच्या वेळी तुरुंगात घातले होते, ते तुम्हाला कसे वाटले? वारली बोलीतले त्यांचे शब्द मला जसेच्या तसे उतरवता येणार नाहीत. अर्थ असा होता की, चीन कुठे आहे ते मला माहीत नाही. आमच्या पाड्यावर वेठ कुठे होती ते माहीत आहे. आणि थोडे थांबून ते म्हणाले, तुम्ही शिकलेले, तुम्हाला चीन माहीत आहे, ते चांगलेच. पण गुरुजी, तुम्हाला वेठ माहीत होती का?

जगाचा नकाशा आपण जरूर बघावा. वादही जरूर घालावेत. दिवाळीला नाही घालायचे तर केव्हा? फक्त त्या नकाशावर झरी, तलवाडे आणि वाढवण ही गावेही असतात, आणि जगातल्या प्रत्येक युद्धाची एक बारीकशी रेघ तिथवर येऊन पोहोचते, एवढे ध्यानात असावे. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या घरी या दिवाळीपर्यंत तरी पत्र आलेले नाही. १ जानेवारीला दोन्ही देश नव्या याद्या एकमेकांना देतील. वर्तमानपत्रात आतल्या पानावर, कोपऱ्यात, चार ओळींची ती बातमी असेल. ती वाचायची मी ठरवले आहे. तुम्हीही वाचा.